पारधी समाज आणि पोलिसी अत्याचारांचा प्रश्न

पारधी समाजावरील पोलिसी अत्याचार व सामूहिक हिंसा हा महाराष्ट्रातील दीर्घकालीन सार्वजनिक चर्चेचा विषय आहे. जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची वसाहतकालीन पद्धत कायद्याने १९५२ मध्ये संपुष्टात आली. मात्र संशयाची सवय टिकून राहिली, हा या चर्चेतील मध्यवर्ती मुद्दा आहे.

समाज व वस्ती

यवतमाळ जिल्ह्यासह विदर्भात फासेपारधी समाजाची वस्ती आहे. फासे लावून तितर, लावे, ससे पकडणे हा त्यांचा पारंपरिक व्यवसाय होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्यावर निर्बंध आले. गावाबाहेरील त्यांच्या वस्तीला ‘बेडा’ म्हणतात. जात्याला टाकी लावणारे टाकणकारही पारधी समाजातच गणले जातात. राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी जमातीचा समावेश आहे. जिल्ह्यात पांढरकवडा व पुसद येथे आदिवासी विकास विभागाची प्रकल्प कार्यालये आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातीला गुन्हेगार घोषित करण्याचा अधिकार शासनाला दिला. अशा जमातींतील लोकांची नोंदवही ठेवणे, हजेरी घेणे व परवान्याविना स्थलांतरास बंदी करणे, असे त्याचे स्वरूप होते. सुरुवातीस उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये देशभर लागू करण्याची तरतूद झाली. अय्यंगार समितीच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. त्याची जागा विविध राज्यांतील सराईत गुन्हेगार कायद्यांनी घेतली. हे कायदे व्यक्तीला लागू होत असले, तरी व्यवहारात जुन्याच जमाती लक्ष्य होतात, अशी टीका होते. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने भारताला ते रद्द करण्याची शिफारस केली.

वादाचे स्वरूप

परिसरात चोरी झाली की पहिली झडती बेड्याची होते, पुराव्याआधी मारहाण होते आणि स्त्रिया व मुलेही त्यातून सुटत नाहीत, असे समाजातील कार्यकर्ते सांगतात. जमिनीचा उतारा, कायमचा पत्ता व जातीचा दाखला नसलेल्या आरोपीला जामीनदार मिळणेही कठीण जाते. याउलट, दरोडे घालणाऱ्या टोळ्यांच्या तपासासाठी जुन्या नोंदी आवश्यक असतात, अशी बाजू पोलिसांकडून मांडली जाते.

समाजांतर्गत हिंसेचा मुद्दाही वारंवार पुढे येतो. जातपंचायतीचे दंड व बहिष्कार यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. मात्र काही व्यक्तींच्या गुन्ह्यांमुळे संपूर्ण समाजाला संशयित ठरवता येत नाही, असा प्रतिवाद केला जातो. २०२० मध्ये मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाविषयीही असाच युक्तिवाद झाला.

जमावाची हिंसा हे या प्रश्नाचे दुसरे अंग आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील ५ जणांना ठार केले.

कायदेशीर संरक्षण

राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्या व्यक्तीला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे बंधनकारक आहे. डी. के. बसू खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना सूचना व वैद्यकीय तपासणी यांची सक्ती केली. २००५ च्या दुरुस्तीने कोठडीतील मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी अनिवार्य झाली. पारधी ही अनुसूचित जमात असल्याने १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांथा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींतील व्यक्तींना मनमानी अटक होऊ नये यासाठी पोलिसांना निर्देश दिले.

पुनर्वसन व शिक्षण

भटक्या व विमुक्त जमातींसाठी नेमलेल्या रेणके आयोगाने २००८ मध्ये अहवाल सादर केला. त्यानंतर इदाते आयोग नेमण्यात आला. यवतमाळलगतच्या अमरावती जिल्ह्यात मतीन भोसले यांनी मंगरूळ चवाळा येथे पारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ आश्रमशाळा सुरू केली. दाखले, निवारा व शिक्षण मिळाल्याशिवाय केवळ कायद्यातील बदलाने संशयाचे चक्र थांबत नाही, अशी भूमिका या क्षेत्रातील कार्यकर्ते मांडतात.