डाव्या टाचेचं फ्रेंच

माझ्या आजीच्या मते जगात भाषा दोनच. एक संस्कृत आणि दुसरी घरात बोलायची. त्यामुळे कॉलेजात मी संस्कृत सोडून फ्रेंच घेतलं, तेव्हा तिने हातातली जपमाळ खाली ठेवली आणि विचारलं, "म्हणजे उद्या गणपतीपुढे आरती काय फ्रेंचमध्ये म्हणणार का गं?"

मी म्हटलं, "आजी, फ्रेंच जगभर चालतं."

"चालू दे. सदाशिव पेठेत चालतं का, ते सांग."

सदाशिव पेठेत ते चाललं नाहीच. तरी मी फ्रेंच घेऊन बी.ए. झाले. आमच्या सरांनी फ्रान्स फक्त नकाशात पाहिला होता आणि मी तर नकाशातही चुकून स्पेनवर बोट ठेवीत असे. पण क्रियापदं! ती आम्ही अशी घोकली होती, की झोपेत कुणी 'असणे' म्हटलं असतं तरी मी 'झ सुई, त्यु ए, इल ए' सुरू केलं असतं. रामः रामौ रामाः याच चालीवर. फरक इतकाच, की यात राम नव्हता. ते वाक्य दोन्ही अर्थांनी खरं होतं, हे कळायला मला पुढे दहा वर्षं लागली.

१९६७ साली लग्न होऊन मी ह्यांच्या मागोमाग इंग्लंडला गेले. हे मध्य इंग्लंडातल्या एका गावात इस्पितळात डॉक्टर होते. घरात बसून पावसाकडे किती बघणार? तेवढ्यात गावातल्या मुलींच्या ग्रामर स्कूलमधल्या फ्रेंचच्या बाई ऐन सत्रात लग्न करून निघून गेल्या आणि मी साडी नेसून मुलाखतीला हजर झाले.

हेडमिस्ट्रेस उंच, करड्या केसांच्या आणि इस्त्री केल्यासारख्या ताठ होत्या. त्यांनी विचारलं, "आपण फ्रान्सला किती वेळा गेला आहात?"

मी ओशाळून म्हटलं, "अजून योग आला नाही."

"छान!" बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "आधीच्या बाई तिकडे राहून आल्या होत्या. त्या वर्गात सारखं फ्रेंचच बोलायच्या. मग परीक्षेची तयारी व्हायची कधी?"

अशी मी लागले. इंग्रज मुलींना फ्रेंच शिकवायला पुण्याची बाई, हा विनोद त्यांना दिसला नाही. मलाही दिसला नाही. मी त्या वेळी पगाराकडे बघत होते.

आता ग्रामर स्कूल म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. यातलं ग्रामर म्हणजे लॅटिनचं व्याकरण. आपल्या पाठशाळेसारखाच प्रकार, फक्त शेंडीऐवजी टोपी. आणि फ्रेंचचं या शाळांशी नातं सासू-सुनेसारखं, कधी गळ्यात गळा तर कधी चूलच वेगळी. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि राजदरबारात, कोर्टकचेरीत फ्रेंच आलं. शाळेतली पोरं लॅटिनचा अर्थ फ्रेंचमध्ये सांगू लागली. हे चाललं जवळजवळ तीनशे वर्षं. मग १३६२ साली पार्लमेंटने कायदा केला, की कोर्टात फ्रेंच कुणाला कळत नाही, सबब कामकाज इंग्रजीत व्हावं. हा कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये! सरकारी कारभार सगळीकडे सारखाच, हे वाचून मला फार घरच्यासारखं वाटलं.

त्याच सुमारास जॉन कॉर्नवॉल नावाच्या मास्तरने पोरांकडून लॅटिनचा अर्थ फ्रेंचऐवजी इंग्रजीत काढून घ्यायला सुरुवात केली. १३८५ साली जॉन ट्रेव्हिसा नावाच्या पाद्र्याने नोंद केली आहे, की आता सगळ्या ग्रामर स्कुलांत फ्रेंच सुटलं. यात फायदा असा, की व्याकरण लवकर येतं. तोटा असा, की पोरांच्या डाव्या टाचेला जेवढं फ्रेंच येतं तेवढंच पोरांना येतं, आणि समुद्र ओलांडून परमुलखात गेली की त्यांची पंचाईत होते. ही डावी टाच मी गावच्या लायब्ररीत वाचली आणि घरी येईपर्यंत हसत होते. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, की पाद्रीबुवांनी ते माझ्यासाठीच लिहून ठेवलंय.

मग फ्रेंच शाळेबाहेर गेलं ते गेलंच. लीड्सच्या ग्रामर स्कूलमध्ये ते पुन्हा आणायचं घाटत होतं, तर प्रकरण कोर्टात गेलं. १८०५ साली लॉर्ड एल्डन या न्यायाधीशमहाराजांनी डॉक्टर जॉन्सनचा शब्दकोश उघडला आणि निकाल दिला, की ग्रामर स्कूलचा पैसा लॅटिन-ग्रीकसाठी, फ्रेंच-जर्मनसाठी नव्हे. माझी आजी न्यायाधीश असती तर हाच निकाल आला असता, आणि तोही शब्दकोश न उघडता. शेवटी १८४० साली कायदा करून दार किलकिलं केलं. १९०४ च्या नियमांनी माध्यमिक शाळेत इंग्रजीखेरीज निदान एक भाषा हवीच असं ठरलं आणि फ्रेंच सन्मानाने आत येऊन बसलं.

आत आलं, पण कुणासाठी? १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर माध्यमिक शिक्षण सर्वांना फुकट झालं, आणि अकराव्या वर्षी मुलांची चाळणी सुरू झाली. तिचं नाव 'इलेव्हन प्लस'. थोडं गणित, थोडं इंग्रजी, थोडी बुद्धीची कोडी. चार-पाच मुलांतलं एखादं चाळणीच्या वर राहायचं, ते ग्रामर स्कूलला. बाकीची सेकंडरी मॉडर्न नावाच्या शाळेत. या नावात मॉडर्न होतं, पण पुष्कळशा शाळांत मॉडर्न भाषा मात्र नव्हती. म्हणजे गावात दोन तऱ्हेची मुलं. फ्रेंच असलेली आणि फ्रेंच नसलेली. आपल्याकडे मुंज झालेली आणि न झालेली असतात, तसं.

आमच्या वाट्याला आलेल्या मुली चाळून, पाखडून, निवडून घेतलेल्या. मी त्यांना माझ्या पद्धतीने शिकवलं. म्हणजे पाढे. सकाळी नऊ वाजता तीस इंग्रज मुली एका सुरात क्रियापदं म्हणू लागल्या, की डोळे मिटल्यावर मला आमच्या प्राथमिक शाळेत बसल्यासारखं वाटे.

काही बाबतींत मी अस्सल इंग्रज बाईपेक्षा सरस होते, हे मी विनयाने नमूद करते. टेबल बाई कशी असू शकते, या प्रश्नावर इंग्रज मुली हमरीतुमरीवर यायच्या. मी म्हणे, "मुलींनो, माझ्या भाषेत तीन लिंगं आहेत आणि खुर्ची आमच्याकडेही बाईच आहे. कधी तक्रार केली नाही तिने." 'त्यु' आणि 'वू' म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. इंग्रजांनी तू कधीच टाकून दिलेलं, त्यामुळे त्या गोंधळायच्या. एकीने विचारलं, "मिस, नवऱ्याला काय म्हणायचं?" मी गप्प बसले. 'अहो'ला फ्रेंच प्रतिशब्द मला आजतागायत सापडलेला नाही. आणि आकडे! सत्त्याण्णवला फ्रेंच माणूस म्हणतो 'कात्र-वँ-दिस-सेत', म्हणजे चार विसा, दहा, सात. मुलींना वेड लागायची पाळी आली. पण मंडईत चार विसा आंबे मोजून देणाऱ्या आमच्या आंबेवालीला हे पहिल्या झटक्यात कळलं असतं.

त्या वेळी ओ लेव्हलच्या परीक्षेत भाषांतर, श्रुतलेखन आणि निबंध यांवर भर असे. तोंडी परीक्षा असे, पण लोणच्याएवढी. आमचे निकाल असे लागत, की हेडमिस्ट्रेसबाई मला दालनात बोलावून स्वतः चहा ओतून देत. मला वाटू लागलं, आपण थोर शिक्षिका आहोत. स्टाफरूममध्ये कुणीतरी सांगितलं, की ईटनच्या शाळेत १९१७-१८ च्या सुमारास ऑल्डस हक्सले फ्रेंच शिकवीत. डोळ्यांनी अधू, त्यामुळे वर्गात गोंधळ. पण त्या वर्गात एरिक ब्लेअर नावाचा शिष्यवृत्तीवाला मुलगा बसायचा, तो पुढे जॉर्ज ऑर्वेल झाला. मी मनात म्हटलं, शिस्त नसताना हे, मग माझ्या वर्गातून काय काय निघेल! निवडलेल्या पोरांना शिकवलं की मास्तर आपोआप हुशार दिसतो, हा साधा हिशेब मला सुचला नाही.

आमच्या शेजारच्या घरात दोन मुली होत्या. थोरली माझ्याच वर्गात. ती संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात क्रियापदं घोकायला यायची आणि धाकटी पायरीवर बसून चिवडा खात ऐकायची. १९७२ साली धाकटीचा इलेव्हन प्लसचा निकाल आला. चाळणीखाली. तिची आई डोळे पुसत माझ्याकडे आली. मी चहा केला आणि समजूत घातली, "अहो, तिथे स्वयंपाक शिकवतात, टायपिंग शिकवतात. उपयोगी असतं ते."

दारात धाकटी उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे मला फ्रेंच नाही?"

मी म्हटलं, "तुला कुठे लागणार आहे बाळ?"

या वाक्याला कुठलंही व्याकरण लागत नाही. ते कुठल्याही भाषेत सारखंच वाईट लागतं.

पण काळ आमच्या चाळणीच्या मागे लागला होता. १९६५ सालीच सरकारने परिपत्रक काढलं होतं, की ही अकराव्या वर्षाची वाटणी बंद करा आणि सगळ्यांसाठी एकच शाळा करा. आमच्या गावाला ते पटायला दहा वर्षं लागली. १९७५ साली आमची शाळा आणि सेकंडरी मॉडर्न एकत्र झाली. ज्यांनी फ्रेंचचं तोंडही पाहिलं नव्हतं अशा मुला-मुलींचा एक वर्ग मला मिळाला. बत्तीस जण. तिसऱ्या बाकावर शेजारची धाकटी, चौदा वर्षांची.

मी नेहमीप्रमाणे पाढे सुरू केले. पहिल्या दिवशी वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी मागची रांग झोपली. तिसऱ्या दिवशी धाकटीने हात वर केला. "मिस, हे झ सुई, त्यु ए सगळं ठीक आहे. पण हे म्हणायचं कुणाला?"

मी खडू हातात धरून उभी राहिले. आठ वर्षांत माझ्या एकाही हुशार मुलीने हे विचारलं नव्हतं. बी.ए.ला मीही सरांना विचारलं नव्हतं. हुशार मुलांचं हेच असतं, त्यांना कुणाला म्हणायचं ते लागत नाही. परीक्षेत येणार एवढं पुरतं.

त्या वर्षी वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी शिकवायला शिकले. पाव किती, रस्ता कुठे, भूक लागली, पाय दुखतो. वर्गात भाजीचं दुकान मांडलं. गळा बसायचा, निम्मे तास फुकट जायचे. दालनातला चहा बंद झाला.

१९७७ साली आम्ही सहल नेली, न्यूहेवनहून बोटीने दिएपला. मी फ्रान्सच्या भूमीवर प्रथमच पाय ठेवीत होते, तोही डावा. बरोबर वरच्या वर्गातल्या जुन्या, निवडक मुली होत्या आणि माझा तो वर्गही होता. बेकरीत शिरलो. एक निवडक मुलगी पुढे झाली. पाव पुल्लिंगी, बागेत स्त्रीलिंगी, क्रियापद संकेतार्थी, असं मनात जुळवेपर्यंत बेकरीवालीने मागच्या गिऱ्हाइकाला पाव दिला. मग इभ्रतीखातर मी पुढे झाले आणि एक निर्दोष वाक्य टाकलं. त्यावर बाई जे काही बोलली, त्यात मला फक्त 'मादाम' एवढं कळलं.

मागून आवाज आला, "बोंझूर मादाम! दे बागेत, सिल वू प्ले!" धाकटी दोन बोटं नाचवत हसत होती. बेकरीवालीही हसली. मग धाकटी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "मिस, ती विचारतेय, तुमच्याकडे सुटे आहेत का?"

मी पर्स उघडली. पाद्रीबुवांना नमस्कार केला. सुटे दिले. तो पाव आम्ही बंदरावर बसून खाल्ला. धाकटीने मोठा तुकडा मला दिला. 'तुला कुठे लागणार आहे' हे तिला आठवत होतं की नाही, कोण जाणे. मला आठवत होतं.

ही सगळी जुनी गोष्ट. इंग्लंडात अजून १६३ ग्रामर स्कुलं उरली आहेत. १९९८ च्या कायद्याने नवी काढायला बंदी केली. २००४ पासून चौदा वर्षांपुढे परकी भाषेची सक्तीही गेली, आणि फ्रेंच घेणारी मुलं रोडावली. म्हणजे ट्रेव्हिसांच्या टाचेपाशी आम्ही पुन्हा आलोच.

मी पुण्याला परतून बरीच वर्षं झाली. परवा नात धावत आली. दहावीचा निकाल. फ्रेंचमध्ये शंभरपैकी शहाण्णव! संस्कृतपेक्षा यात मार्क जास्त पडतात, असं क्लासच्या सरांनी सांगितलं होतं म्हणे. मी पेढा तिच्या तोंडात घातला आणि म्हटलं, "वा! आता मला फ्रेंचमध्ये सांग बघू, भूक लागली आहे."

ती पेढा खात म्हणाली, "आजी, आता परीक्षा संपली ना!"

"अगं, पण कधी कुणाशी बोलावं लागलं तर?"

"कुणाशी?" तिने निरागसपणे विचारलं आणि चपला काढून सोफ्यावर पाय घेऊन बसली.

मी काही बोलले नाही. फक्त चष्मा लावून तिच्या डाव्या टाचेकडे जरा निरखून पाहिलं.