जांभ्याचे हरवलेले कवच

१/ जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बासिलिकेचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. तांबूस, खडबडीत, उघड्या दगडाच्या भिंती. चारशे वर्षांचे वय त्यांवर उमटले आहे असे वाटते. प्रत्यक्षात हे रूप जेमतेम सत्तर वर्षांचे आहे आणि तेच वास्तूच्या मुळावर आले आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ या भिंती जांभ्याच्या आहेत. उष्ण, पावसाळी प्रदेशात मूळ खडक युगानुयुगे कुजतो, विरघळणारी द्रव्ये वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरतात. तोच जांभा. कोकण, गोवा आणि मलबारात तो विपुल सापडतो.

३/ खाणीत तो मऊ असतो. कुऱ्हाडीने त्याचा चिरा काढता येतो आणि हवेत सुकला की कठीण होतो. मलबारात हे पाहून फ्रान्सिस ब्युकॅनन याने १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लॅटर’ म्हणजे वीट.

४/ मात्र हा दगड विटेसारखा एकजिनसी नसतो. लोहाच्या कठीण जाळीत मऊ मातीने भरलेले असंख्य कप्पे असतात. एकाच चिरेखाणीतले दोन चिरे सारखे निघतीलच, अशी खात्री कोणी देत नाही.

५/ पहिला दोष पाण्याचा. भारतीय मानकानुसार वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषणारा चिराही बांधकामास चालतो. म्हणजे २५ किलोंचा चिरा तब्बल ३ लिटर पाणी पिऊ शकतो. हे पाणी कप्प्यांतली माती धुऊन नेते आणि मागे पोकळ जाळी उरते.

६/ दुसरा दोष बळाचा. चिऱ्याकडून मानकाची अपेक्षा दर चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन एवढीच असते. चांगला बसाल्ट शंभराच्याही पुढे जातो. म्हणून जांभ्याच्या भिंती जाड बांधाव्या लागतात. तिसरा दोष असा की त्यावर नाजूक कोरीवकाम टिकत नाही.

७/ हे सारे जुन्या गवंड्यांना ठाऊक नव्हते काय? चांगलेच ठाऊक होते. बासिलिकेचे काम १५९४ मध्ये सुरू झाले, १६०५ मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. दर्शनी भागातील कोरीव कामासाठी थेट वसईकडून बसाल्ट आणला गेला आणि जांभ्याच्या भिंती चुन्याच्या गिलाव्याखाली झाकल्या गेल्या.

८/ हा गिलावा केवळ शोभेचा नव्हता. तो पावसाचा मारा स्वतःवर घेतो, भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडू देतो आणि झिजला तर पुन्हा चढवता येतो. झिजायचे ते गिलाव्याने, चिऱ्याने नव्हे. कोकणातील घरांच्या उतरत्या छपरांमागे आणि पुढे आलेल्या पागोळ्यांमागे हेच शहाणपण आहे.

९/ १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली हा गिलावा उतरवला गेला. वास्तू अधिक प्राचीन दिसावी, ही त्यामागची दृष्टी. पोर्तुगालमधील स्मारकांवरही त्या काळी असे प्रयोग झाले होते. पण तिथला ग्रॅनाइट निराळा आणि इथला जांभा निराळा.

१०/ तेव्हापासून वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस या उघड्या चिऱ्यांवर थेट कोसळतो आहे. चिऱ्यांना खळगे पडतात, शेवाळ धरते, सांध्यांत रोपे मूळ धरतात.

११/ देखभाल थांबली की काय होते, हे जवळच दिसते. १८३५ मध्ये ओस पडलेल्या सेंट ऑगस्टीन चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा पडला. उरलेला लाल सुळका आज पर्यटक कौतुकाने पाहतात.

१२/ बासिलिकेला पुन्हा गिलावा द्यावा काय, यावर वाद आहे. लाल रूप आता लोकांच्या स्मृतीत रुजले आहे, असे एक पक्ष म्हणतो. त्या भावनेचा आदर राखूनही मला वाटते, की आपण ज्याला ‘अस्सल’ समजतो ती सोललेली कातडी आहे.

१३/ सदोष दगडातून चारशे वर्षे टिकणारी वास्तू उभी राहिली, ती बांधणाऱ्यांनी त्याचे दोष मान्य केले म्हणून. पुढच्या वेळी एखादी उघडी जांभ्याची भिंत पाहाल, तेव्हा ती अशीच बांधली होती काय, एवढे अवश्य विचारा.

धागा समाप्त.