खांदेरी, होडीवरून पाहिलेली

खांदेरीविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे, त्यातले बरेचसे किनाऱ्यावर उभे राहून लिहिलेले आहे. थळच्या वाळूवरून पश्चिमेला पाहिले की दोन बेटे दिसतात. जवळची उंदेरी आणि तिच्या पलीकडे दोन टेकड्यांची खांदेरी. लेखक तिकडे बोट दाखवतो, १६७९ हे साल सांगतो, मायनाक भंडारी आणि दौलतखान ही नावे घेतो आणि माघारी फिरतो. मीही पेणमध्ये वर्गात अनेक वर्षे असेच शिकवत आलो. गेल्या हिवाळ्यात ही सवय मोडली, त्याला कारण झाले माझे मामा.

मामा पेण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावचे. तरुणपणी ते गलबतावर खलाशी होते, पुढे तांडेल झाले. पावसाळा सरून गलबत पाण्यात उतरले की पुढच्या मृगाआधी ते काठावर ओढून घेईपर्यंत त्यांचे बिऱ्हाड गलबतावरच असे. तेथेच चूल, तेथेच निजणे. पेणकडचे मीठ आणि भात अंतोऱ्याच्या बंदरातून धरमतरच्या खाडीने मुंबईला जाई. या वाटेवर खांदेरी लागत नाही, कारण खाडी रेवसजवळ मुंबईच्या बंदरातच उघडते. रोह्याचा माल मात्र भरतीच्या पाण्यावर कुंडलिकेतून रेवदंड्यास येई आणि तेथून उघड्या समुद्राने उत्तरेकडे निघे. त्या वाटेवर खांदेरी-उंदेरी चुकवता येत नाहीत. मामांनी दोन्ही वाटा केल्या होत्या. १९८०च्या दशकात रेल्वे रोह्यापर्यंत पोहोचली. त्याआधीच मालमोटारींनी गलबतांचे बरेचसे काम काढून घेतले होते.

त्यांची मुलगी, माझी मामेबहीण, नवऱ्याच्या नोकरीनिमित्त मॉरिशसला असते. ती दोन मुलांना घेऊन महिनाभरासाठी आली, तेव्हा मामांनी एकच हट्ट धरला : नातवंडांना खांदेरी दाखवायची, पण थळहून तासाभरात जाऊन यायचे नाही, रेवदंड्याहून निघायचे आणि होडीवरच राहायचे. नात्यातल्या एकाची मासेमारीची होडी मिळाली. दोन रात्री आमचा मुक्काम त्या होडीवर होता.

धाकट्या मुलीचा पहिला प्रश्न आम्हां सर्वांना निरुत्तर करणारा होता. बेट ज्वालामुखीच्या दगडाचे आहे असे आईने सांगितले होते. मग ज्वालामुखीचे तोंड कुठे आहे? मॉरिशसमध्ये क्युरपीप गावाजवळ तिने ज्वालामुखीचे विवर पाहिलेले, तेव्हा प्रश्न रास्तच होता. उत्तर असे की आपल्याकडचा लाव्हा एखाद्या शंकूसारख्या डोंगरातून नव्हे, तर मुख्यतः जमिनीच्या लांबलचक भेगांतून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. त्याचे थरावर थर साचून सह्याद्री झाला. कोकणपट्टीत हे थर पश्चिमेकडे कलले आणि पुढे समुद्राची पातळी वाढली तेव्हा काही टेकड्यांचे माथे तेवढे पाण्याबाहेर राहिले. खांदेरी हा असा एक माथा. त्याहून नवलाची गोष्ट ही, की बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते दख्खनचा लाव्हा पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोतातून आला, तो आज रियुनियन बेटाखाली आहे आणि मॉरिशसही त्याच स्रोतातून घडले. भारतभूमी उत्तरेकडे सरकत आली, स्रोत मागे राहिला. म्हणजे ही मुलगी एका बेटावरून निघून त्याच्याच थोरल्या भावंडाला भेटायला आली होती. बेटावर आपटले असता धातूसारखा नाद देणारा एक खडक आहे; तिने तो वाजवून वाजवून आम्हांला बेजार केले. वेताळाच्या देवळापाशी मामांनी नारळ वाढवला. कोळ्यांचे नवस येथे आजही फेडले जातात. तटावर तोफा आहेत, टेकडीवर १८६७ सालचे दीपगृह आहे. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत खांदेरी आहे. हे सारे पाहून आम्ही संध्याकाळी होडीवर परतलो.

खरा इतिहास मला त्या रात्री कळला, असे म्हटले तर ते थोडे नाटकी होईल. एवढेच म्हणतो, की माहीत असलेला इतिहास दुसऱ्या बाजूने दिसला.

माहीत असलेला इतिहास थोडक्यात असा. १६७२मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली होती, पण इंग्रज आणि सिद्दी यांच्या विरोधामुळे ते काम राहिले. ऑगस्ट १६७९च्या अखेरीस मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला व तट उभारू लागला. मुंबईच्या तोंडावरच हे घडत असल्याने इंग्रजांनी गलबते पाठवून बेटाची नाकेबंदी केली. सप्टेंबरात बेटावर उतरण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, त्यात लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. तेव्हाच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे १८ ऑक्टोबरला दौलतखानाचे आरमार चालून आले. 'डोव्हर' ही इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. मिंचिन आणि केग्विन यांचे 'रिव्हेंज' मात्र टिकून राहिले आणि मराठी गलबतांना मागे हटावे लागले. म्हणजे उघड्या समुद्रावरची त्या दिवसाची लढाई मराठ्यांनी जिंकली असे म्हणता येत नाही. तरीही जानेवारी १६८०मध्ये इंग्रजांनी आपली जहाजे काढून घेतली आणि खांदेरी महाराजांकडे राहिली. त्याच महिन्यात सिद्दी कासमने शेजारची उंदेरी ताब्यात घेऊन तेथे तोफा चढवल्या.

लढाई न जिंकता बेट कसे राहिले? इंग्रजी कागदांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. लहान मराठी होड्या रात्रीच्या वेळी पहाऱ्यातून निसटून बेटावर शिधा आणि सामान पोहोचवत, आणि मोठ्या जहाजांना त्यांना अडवता येत नसे. हे वाक्य मी कितीदा तरी वाचले होते. त्याचा अर्थ त्या रात्री मामांनी दाखवला. साडेनऊच्या सुमारास दिवसभराचा खारा वारा पडला. पाणी गुळगुळीत झाले, नांगराला बांधलेली होडी दिशाहीन डोलू लागली. मध्यरात्र उलटल्यावर थळच्या बाजूने थंड, बारीक वारा सुटला. मामा डोळे मिटूनच म्हणाले, "मतलई."

मतलई म्हणजे रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. खांदेरी किनाऱ्याच्या पश्चिमेला आहे. रात्री वारा पडला की शिडाचे मोठे जहाज जागचे हलत नाही, वल्ह्याची होडी मात्र हलते. मग मतलई सुटला की तीच होडी न वल्हवता बेटाकडे जाते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारचा खारा वारा तिला परत घरी आणतो. ऑक्टोबर सरता सरता हे चक्र घड्याळासारखे सुरू होते. वेढा टिकला तेही हेच महिने. हे माझे अनुमान आहे, कागदांत ते असे मांडलेले नाही. पण वाऱ्याचे वेळापत्रक गेल्या साडेतीनशे वर्षांत बदललेले नाही, आणि ते पाठ असलेला माणूस माझ्या शेजारी घोंगडी पांघरून बसला होता.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना यातून एक प्रश्न विचारावासा वाटतो. सभासदाच्या बखरीत आरमारातल्या जहाजांच्या जाती मोजलेल्या आहेत, दर्यासारंग आणि मायनाक ही नावे आहेत. आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजासाठी झाड तोडताना धन्याला राजी करावे, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, इतकी सूक्ष्म दृष्टी त्यात आहे. पण त्या लाकडाच्या गलबतावर आठ महिने जो राहिला, त्याचा एक दिवस कोठेच लिहिलेला नाही. पिण्याचे पाणी किती घ्यायचे, चूल कोणत्या बाजूस लावायची, कोणत्या रात्री निघायचे, हे ज्ञान लढाईचा निकाल ठरवत होते, आणि ते ज्यांच्याजवळ होते ते लिहिणारे नव्हते. जे लिहीत होते, ते शत्रूच्या जहाजावर बसून आपले अपयश वरिष्ठांना समजावून देत होते. खांदेरीच्या खलाशाचे सर्वांत जवळचे चित्र म्हणून मग आपल्याला अंधारात निसटलेल्या एका होडीविषयीची इंग्रजांची तक्रारच वाचावी लागते.

दुसऱ्या पहाटे माझ्या बहिणीने वडिलांना विचारले, "बाबा, तुम्ही गलबतावर असताना आई कुठे असायची?" मामा म्हणाले, "घरी. पौर्णिमेला भरती मोठी, तेव्हा गलबत गावाजवळ येई. तेव्हा ती तांदूळ आणि तुला घेऊन धक्क्यावर यायची." बहिणीला यातले काही आठवत नव्हते. धाकटीने मग वहीत दोन टेकड्यांचे बेट काढले आणि किनाऱ्यावर एक बाई उभी केली. नकाशात ती कोणत्या बाजूला येते हे तिने आजोबांना नीट विचारून घेतले. पूर्वेला, मतलई सुटतो तिकडे.

मामा आता शहात्तर वर्षांचे आहेत. या वर्षी वर्गात खांदेरी शिकवायची वेळ येईल तेव्हा त्यांना घेऊन जाईन, असे मी ठरवले आहे.