आकाशातली आगगाडी

यंदाही दिवाळीच्या पंधरा दिवस आधी पुष्कळ घरांतून चकल्या-करंज्यांचे डबे परदेशी रवाना झाले असतील. कुणाची लेक न्यू जर्सीला, कुणाचा मुलगा लंडनला. आणि डब्यांच्या मागोमाग केव्हातरी आजी-आजोबाही निघतात. लेकीच्या बाळंतपणाला, नाहीतर नातवंडांना डोळे भरून बघायला. तिकीट महाग पडते हे खरेच. त्यावरून घरात चार दिवस खल होतो, कोणत्या वारी निघालो तर किती वाचतील याचे हिशेब होतात, आणि अखेर माणसे जाऊन येतात. ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, हे तिकीट सामान्य गृहस्थाच्या हाती आले तरी कसे, असा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही. राइट बंधूंचे विमान उडाले १९०३ साली. पण तुमच्या-आमच्यासारख्याला परवडेल असे समुद्रापारचे तिकीट उघडपणे खिडकीवर विकले जाण्यास त्यानंतर पाऊणशे वर्षे जावी लागली. त्यातला बराचसा उशीर यंत्रापायी झालेला नाही. तो कागदांपायी, करारांपायी झाला. त्या कागदांशी झगडलेल्या माणसांची ही हकीकत आहे.

आधी आपल्याकडचाच एक आकडा पाहू. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. स्वतंत्र भारताचे हे युरोपला जाणारे पहिले नियमित उड्डाण. सारा देश कौतुकाने पाहत होता. जाहिरातीत भाडे दिले होते १,७२० रुपये. त्या काळी खेड्यातल्या प्राथमिक शाळेच्या मास्तरांनी वर्षभराचा सगळा पगार न खाता-पिता बाजूला ठेवला असता, तरी एवढी रक्कम उभी राहिली नसती. म्हणून त्या विमानात राजेरजवाडे होते, बडे अधिकारी होते. आणि शिकायला निघालेला मध्यमवर्गातला मुलगा बॅलार्ड पिअरवर आईच्या पाया पडून बोटीत चढत होता. बोट सुवेझमार्गे दोन-तीन आठवड्यांनी पोचे. मुलगा चार-पाच वर्षांनी परत येई. दरम्यान आईवडिलांचे काही बरेवाईट झाले, तर तार मिळे, दर्शन मिळत नसे.

एवढे भाडे का होते? विमाने लहान होती, तेल पुष्कळ खात, वाटेत ठिकठिकाणी उतरत. हे एक कारण. दुसरे कारण मात्र हवेतले नव्हते, जमिनीवरचे होते. महायुद्ध संपत आले तेव्हा, १९४४ च्या अखेरीस, बावन्न राष्ट्रांचे प्रतिनिधी शिकागोला जमले. युद्धानंतर आकाशाचा कारभार कसा चालवावा हे ठरवायचे होते. अमेरिकेजवळ विमाने अमाप होती, तेव्हा तिला मोकळे आकाश हवे होते. ब्रिटनची विमाने युद्धात बाँब टाकण्याच्या कामी खर्ची पडली होती. मोकळीक दिली तर अमेरिका आपल्याला गिळून टाकील ही त्याची धास्ती. तोडगा निघाला तो १९४६ साली बर्म्युडा बेटावर. या दोन देशांत असे ठरले की, भाडी विमान-कंपन्यांच्या संघाने बसून ठरवावीत आणि सरकारांनी त्यांवर शिक्का मारावा. हा संघ म्हणजे १९४५ साली हवाना येथे स्थापन झालेला 'आयाटा'. पुढे बहुतेक देशांनी हाच कित्ता गिरवला.

आयाटाच्या भाडे-परिषदेत निर्णय एकमताने व्हावा लागे. यातली मेख लक्षात घ्या. बाजारातल्या साऱ्या वाण्यांनी एकत्र बसून साखरेचा भाव ठरवायचा, आणि एकाही वाण्याची मान हलली नाही तर भाव उतरायचा नाही! अर्थात यालाही दुसरी बाजू होती. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांच्या कंपन्या बाळशातल्या होत्या. खुल्या स्पर्धेत त्या तगल्या नसत्या. भारत त्यांतलाच. १९५८-५९ या वर्षी आयाटाचे अध्यक्षपद खुद्द जे. आर. डी. टाटा यांच्याकडे होते. ही पद्धत म्हणजे निव्वळ लबाडी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण तिची किंमत प्रवाशाने मोजली, हेही तितकेच खरे.

भाडे ठरलेले, मग कंपन्यांनी चढाओढ करावी कशात? खाण्यात! १९५८ साली अटलांटिक ओलांडण्यासाठी 'इकॉनॉमी' नावाचा नवा, स्वस्त वर्ग निघाला. या वर्गातल्या प्रवाशाला साधे, थंड सँडविच द्यावे असा नियम झाला. स्कँडिनेव्हियाच्या एस.ए.एस. कंपनीने आपल्या देशाच्या चालीप्रमाणे पावाच्या एका चकतीवर मांस, मासे, भाज्या अशी आरास रचून तिला सँडविच म्हटले. अमेरिकन कंपन्यांनी तक्रार केली. आयाटात खटला उभा राहिला. सँडविच म्हणजे काय, यावर जाणती माणसे गंभीरपणे वाद घालीत बसली, आणि एस.ए.एस.ला वीस हजार डॉलर दंड झाला. आज हसू येते. पण एका घासाने भाडेकरार मोडेल असे वाटावे इतका तो करार घट्ट होता, हेच यातून दिसते.

या घट्ट विणीत पहिले भोक पाडले ते एका चिमुकल्या देशाने. आइसलँडची 'लोफ्टलेइडिर' ही कंपनी आयाटाची सभासदच नव्हती. सभासद नाही, तेव्हा संघाचे भाडे तिला बंधनकारक नाही. इतर कंपन्या जेटच्या मागे लागल्या असताना हिने पंख्याची जुनी विमाने चालवली. न्यूयॉर्कहून निघावे, आइसलँडला थांबावे, आणि तिथून लक्झेंबर्गला उतरावे. आम्ही हळू जातो पण स्वस्त नेतो, असे ती उघड सांगे. विद्यार्थी, चित्रकार, पाठीवर पिशवी टाकून जग बघायला निघालेली पोरे तिच्या विमानांत गर्दी करीत. लोकांनी तिला 'हिप्पींची कंपनी' असे नाव ठेवले. आपल्याकडचा प्रवासी आज दुबईला किंवा दोह्याला विमान बदलून युरोपात जातो आणि चार पैसे वाचवतो. ती युक्ती या आइसलँडकरांनीच प्रथम मोठ्या प्रमाणावर रूढ केली.

दुसरी पळवाट मोठी गमतीची. एखाद्या संस्थेच्या सभासदांनी मिळून अख्खे विमान भाड्याने घेतले, तर त्यांना आयाटाचे भाडे लागू होत नसे. अट एवढीच की, संस्था प्रवासासाठी काढलेली नसावी आणि माणूस निदान सहा महिने तिचा सभासद असावा. झाले! इंग्लंड-अमेरिकेत मंडळांचे पीक आले. फुलझाडांची हौस असलेल्यांचे मंडळ, पक्षी पाहणाऱ्यांचे मंडळ. मागची तारीख घालून पावत्या फाडल्या जात. अधिकारी विमानतळावर येऊन प्रवाशांची उलटतपासणी घेत. १९७१ साली लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर 'डावखुऱ्यांच्या क्लबा'चे म्हणवणारे काही प्रवासी असेच अडवले गेले. मुलाला भेटायला निघालेल्या प्रामाणिक माणसांवर, स्वस्त तिकिटासाठी, खोटे बोलण्याची पाळी यावी, हे दृश्य पाहून एका माणसाचे पित्त खवळले. विमान त्याचेच होते. त्याचे नाव फ्रेडी लेकर.

लेकर १९२२ साली कँटरबरीत जन्मला. शिक्षण बेताचे, सोळाव्या वर्षी विमानाच्या कारखान्यात कामाला लागला. युद्धानंतर रशियाने बर्लिनची कोंडी केली, तेव्हा जुन्या बाँबफेक्या विमानांतून शहराला धान्य-कोळसा पोचवण्याच्या कामात त्याने पैसा आणि अनुभव दोन्ही मिळवले. १९६६ साली स्वतःची कंपनी काढली. क्लबांच्या भानगडींना विटून १९७१ च्या जूनमध्ये त्याने सरकारकडे एक साधा अर्ज केला. लंडन ते न्यूयॉर्क अशी रोजची फेरी. आगाऊ नोंदणी नाही. त्याच दिवशी खिडकीवर यावे, पैसे टाकावे, तिकीट घ्यावे. जेवण हवे असल्यास वेगळे पैसे. म्हणजे आपल्या एस.टी.चीच रीत! त्याने नाव ठेवले 'स्कायट्रेन', आकाशातली आगगाडी.

यामागचा हिशेबही समजून घेण्याजोगा आहे. भाजीवाल्याची मेथी संध्याकाळी उरली, तर तो ती उतरत्या भावाने फुंकून टाकतो. विमानातली रिकामी जागा मेथीहूनही नाशिवंत; दार बंद झाले की तिचे मोल शून्य. १९७० पासून साडेतीनशे-चारशे माणसांची प्रचंड विमाने उडू लागली होती आणि कितीतरी जागा रिकाम्या जात होत्या. भरलेले विमान कमी भाड्यातही पोट भरते, आणि अर्धे रिकामे विमान जबर भाड्यातही उपाशी राहते. एवढेच लेकरचे गणित.

पण अर्ज मंजूर करून घेण्यात सहा वर्षे गेली. १९७२ साली परवाना मिळाला. १९७५ साली नव्या मजूर सरकारने सरकारी कंपनीला धक्का लागतो म्हणून योजना मोडीत काढली. लेकर कोर्टात गेला. १९७६ च्या अखेरीस लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायासनाने निकाल दिला की, मंत्र्यांनी कायद्याबाहेर जाऊन हुकूम काढला. पुढच्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीही संमती दिली. २६ सप्टेंबर १९७७ रोजी पहिली आगगाडी सुटली. लंडनहून भाडे ५९ पौंड, न्यूयॉर्कहून १३५ डॉलर. विमानात जागा ३४५. तिकिटासाठी लोक रात्र रात्र फुटपाथवर पथाऱ्या टाकून झोपत. आणि चमत्कार असा की, जी भाडी उतरवणे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ती बड्या कंपन्यांनी त्याच महिन्यात उतरवली! लेकर लोकांच्या गळ्यातला ताईत झाला. १९७८ साली राणीने त्याला 'सर' केले.

येथे गोष्ट संपती तर गोड झाली असती. पण १९७९ च्या मे महिन्यात शिकागोला एक डी.सी.-१० विमान कोसळून २७३ जणांचा बळी गेला. विमान दुसऱ्या कंपनीचे. परंतु त्या जातीची सगळीच विमाने काही आठवडे जमिनीवर बसवण्यात आली, त्यांत लेकरचीही. त्याने नव्या विमानांसाठी डॉलरमध्ये कर्ज काढले होते, आणि गल्ल्यात येत होते मुख्यतः पौंड. १९८१ साली पौंड घसरला, मंदी आली. बड्या कंपन्यांनी नेमकी तीच वेळ साधून आपली भाडी त्याच्या पातळीवर आणली. तेवढ्याच पैशांत जेवण आणि नक्की जागा मिळत असताना रांगेत कोण उभे राहणार? ५ फेब्रुवारी १९८२ रोजी कंपनी बुडाली. देणे पंचवीस कोटी पौंडांहून अधिक. हजारो प्रवासी परदेशी अडकले, कामगार एका सकाळी बेकार झाले. साध्यासुध्या लोकांनी त्याला वाचवण्यासाठी आपणहून पैसे पाठवले. पण फाटलेल्या आभाळाला ठिगळ कसे लागणार?

बड्यांनी संगनमत करून लेकरला बुडवले, असा दावा अमेरिकेच्या कोर्टात गुदरण्यात आला. निकालापर्यंत तो गेलाच नाही; १९८५ साली प्रतिवादींनी कोट्यवधी डॉलर मोजून तडजोड केली. लेकरच्या वाट्याला ऐंशी लाख डॉलर आले. आरोप कोर्टात शाबीत झाला नाही, हे नमूद केले पाहिजे. परंतु त्याने भाव चुकवला तोही एक हिशेबच होता: कर्ज फार, गंगाजळी थोडी, आणि शत्रू सगळेच.

मग त्याने साधले काय? आगगाडी गेली, रूळ मात्र राहिले. 'एकमताशिवाय भाडे उतरत नाही' हा मंत्र एकदा खोटा ठरला तो ठरलाच. १९७८ साली अमेरिकेने आपल्या देशातल्या विमान-वाहतुकीवरचे भाड्याचे निर्बंध उठवण्याचा कायदा केला. १९८४ साली रिचर्ड ब्रॅन्सनने लंडन-न्यूयॉर्क मार्गावरच नवी कंपनी काढली. सल्ल्यासाठी तो लेकरकडे गेला होता, आणि पुढे आपल्या एका विमानाला त्याने लेकरचेच नाव दिले. आगाऊ घेतले तर स्वस्त, वेळेवर शिल्लक राहिले तर स्वस्त, जेवण नको तर आणखी स्वस्त. आज आपण ज्या खाचाखोचा शोधत बसतो, त्यांतल्या कितीतरी त्या भांडणाच्या काळात रुजल्या.

एक गोष्ट मात्र विसरू नये. कमी भाड्याचे तिकीट आपल्याला फुकटात स्वस्त पडत नाही. त्यातला फरक कुणीतरी भरलेला असतो. कधी तो भांडवल बुडालेला मालक असतो, कधी जादा पाळी करणारा कामगार, कधी एका रात्रीत पगार गमावलेली हवाई सेविका. तेव्हा स्वस्त तिकीट जरूर शोधावे, त्यात कमीपणा मुळीच नाही. पण तीन-चारशे माणसांच्या त्या रांगेत पासपोर्ट सांभाळत उभी असलेली नऊवारीतली एखादी आजी दिसली, तर ध्यानात असू द्यावे की, तिला ही वाट मोकळी मिळावी म्हणून काही माणसे कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत होती. सर फ्रेडी लेकर ९ फेब्रुवारी २००६ रोजी वारले. त्यांच्या नावाची कंपनी आज आकाशात नाही; त्यांचे गणित मात्र रोज उडते आहे.