उजव्या पायाच्या गिअरचं घराणं

भिवंडीच्या निजामपुऱ्यात गाड्यांची अदलाबदल नेहमीचीच. पण बटण दाबलं की सुरू होणारी, महिनोन्‌महिने पाना न लागलेली मोटारसायकल देऊन कुणी मडगार्ड कापलेली, लांब सीट काढून टाकलेली जुनी बुलेट घरी आणली, की गल्लीतली माणसं जमतात आणि पहिला प्रश्न येतो, "वर किती मिळाले?" मिळाले नाहीत, उलट द्यावे लागले, हे कळल्यावर कुणी काही बोलत नाही. असा व्यवहार मी स्वतः केला आहे. तो का केला हे सांगायचं तर या गाडीचं कूळच सांगावं लागेल.

हे कूळ इंग्लंडातल्या रेडिच गावचं. रेडिच हे सुया बनवणारं गाव, आणि पुढे जी कंपनी रॉयल एनफिल्ड झाली तिची सुरुवातही जॉर्ज टाउनसेंड यांच्या सुयांच्या कारखान्यातून झाली. सुयांवरून सायकली आल्या. एनफिल्डच्या सरकारी शस्त्रकारखान्याला बंदुकीचे भाग पुरवण्याचं काम मिळालं तेव्हा गाडीला नाव मिळालं, आणि 1901 मध्ये पहिली मोटारसायकल आली. 'बुलेट' हे नाव 1932 चं. कापडाच्या गावात राहणाऱ्या मला या घराण्याची सुरुवात सुईपासून झाली याचा आनंद वाटतो, तो लपवत नाही.

भारतात ही गाडी रुजली ती लष्करामुळे. सीमेवर गस्त घालायला मजबूत मोटारसायकल हवी होती आणि 350 सीसीची बुलेट निवडली गेली. 1955 मध्ये मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी मिळून एनफिल्ड इंडिया उभी केली. मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला आधी इंग्लंडातून आलेले सुटे भाग जोडले जात, मग हळूहळू सगळे भाग इथेच बनू लागले. पुढे 1967 मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडला. मूळ घर मोडलं आणि वंश मद्रासेत चालू राहिला.

आता या कथेतली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मद्रासच्या कारखान्याने ते इंजिन अनेक दशकं जवळजवळ तसंच ठेवलं: 70 मिलिमीटरचा बोअर, 90 मिलिमीटरचा स्ट्रोक, बिडाचा सिलिंडर, गिअरबॉक्स वेगळा, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. परवान्यांच्या राज्यात नवं मॉडेल काढायची घाई कुणालाच नव्हती आणि लष्कर-पोलिसांची मागणी ठरलेली होती. यावर टीका पुष्कळ झाली, ती रास्तही आहे. पण त्यामुळेच एका पिढीच्या बुलेटचा भाग थोडा कानस मारून दुसऱ्या पिढीच्या बुलेटला बसतो. अशा गाडीची टाकी एका सालची, पुढचं चाक दुसऱ्या सालचं आणि हेडलाइटचं घर तिसऱ्याच सालचं असू शकतं, आणि तरी ती एका घराण्यातलीच दिसते.

गाडी कापून आपल्या मनासारखी करण्याची रीत बाहेरचीही आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकी तरुणांनी जड मोटारसायकलींची मडगार्डं छाटली, नको ते काढून टाकलं. लंडनच्या एस कॅफेवर जमणाऱ्या पोरांनी हँडल खाली घेतलं, सीट मागे सरकवली आणि ती ताशी शंभर मैलांच्या नादाला लागली. त्यांचं पाहून रॉयल एनफिल्डने 1960 च्या दशकात कॉन्टिनेन्टल जीटी ही तशाच रूपाची, म्हणजे कॅफे रेसर धाटणीची गाडी कारखान्यातूनच काढली.

आपल्याकडे मात्र गाडी बदलली ती बहुतेक वेळा गरजेपोटी. पेट्रोल परवडेना म्हणून बुलेटच्या चासीत पाणी उपसायच्या पंपाला चालतं तसलं डिझेल इंजिन बसवलं गेलं, आणि ते इतकं रुजलं की पुढे कंपनीनेच टॉरस नावाची डिझेल बुलेट विकली. सौराष्ट्रातल्या छकडा रिक्षाचं पुढचं अंग बुलेटचंच. हे बदल करणाऱ्या मिस्त्र्यांनी कॅफे रेसर हा शब्द ऐकलेला नव्हता.

भिवंडीला ही रीत कुणी शिकवावी लागली नाही. हे शहरच दुसऱ्याने टाकलेल्या यंत्रावर उभं राहिलं आहे. 1930 च्या दशकात इथे पॉवरलूम सुरू झाले. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग इथल्या विणकरांनी विकत आणले, उघडले, झिजलेलं बदललं आणि चालवले. जानेवारी 1982 मध्ये कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत गिरणी संप झाला, त्यानंतर तर कापडाचं काम आणि माग दोन्ही इकडे वाहू लागले. गिरणीने ज्याला भंगार म्हटलं, त्या मागाचा धोटा इथे रात्रंदिवस फिरत राहिला, कारण दर शेडमागे एक जॉबर होता. नुसत्या आवाजावरून कोणता माग बिघडायच्या बेतात आहे हे तो ओळखायचा. बुलेटचा जुना मिस्त्री मला त्याच जॉबराचा भाऊ वाटतो. मागाचं बुश आणि बुलेटचं बुश एकाच लेथवर कातलेलं मी पाहिलं आहे.

मग 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली. तिची जाहिरात सांगायची, पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. मध्यमवर्गाला हवं होतं ते हेच, आणि मिळालंही. बिघडणारी गाडी म्हणजे बुडालेला रोज, हे ज्याचं पोट रोजावर आहे त्याला विचारावं. त्या पुढच्या वर्षांत बुलेट मागे पडली, आयशरने 1994 मध्ये कंपनी आपल्यात सामावून घेतली आणि जुन्या गाड्या कोपऱ्यात, गोठ्यात, पोलिसांच्या लिलावात पडून राहिल्या. त्याच गाड्या पुढे हौशी तरुणांनी उचलल्या. मुंबईत अक्षय वर्दे यांच्या वर्देंची या कार्यशाळेने बुलेटच्या इंजिनावर चॉपर घडवायला सुरुवात केली आणि मिस्त्रीच्या कामाला कलाकुसर म्हणून मान मिळाला. 2000 च्या दशकात कारखान्याने इंजिन-गिअरबॉक्स एकत्र केले, गिअर डावीकडे नेला. उजव्या पायाच्या गिअरचा वंश तिथे संपला. आता आहेत तेवढ्याच.

माझी गाडी सुरू कशी होते ते सांगतो. चावी फिरवायची आणि टाकीपुढच्या छोट्या अँपिअर मीटरकडे बघत किक हळूहळू दाबायची. पॉइंट मिटलेले असले की काटा डावीकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. पिस्टन वर आल्याची ती खूण. तिथे डाव्या मुठीखालचं डीकॉम्प्रेसरचं लहान लिव्हर ओढून किक जराशी पुढे न्यायची, लिव्हर सोडायचं, किक वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण वजनाने एकच मारायची. बहुतेक वेळा तेवढ्यात धरते. घाई केली तर किक उलटी बसते आणि पिंढरी आठवडाभर दुखते.

टॅपेटचंही तसंच. इंजिन थंड असताना, पिस्टन वर आणून, झाकण उघडून पुशरॉड दोन बोटांत धरायचा. तो गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. आमचे उस्ताद यासाठी गेज वापरत नाहीत. त्यांनी माझी बोटं धरून ते मला शिकवलं. "हात को याद रहना चाहिए, बेटा," म्हणाले. नव्या गाडीने मला कधी दगा दिला नाही, पण तिला हात लावायची वेळच आली नव्हती. माझ्या आजूबाजूला ज्या हुन्नरावर हे शहर जगलं, तो मला चालत्या यंत्रासकट हाती हवा होता. व्यवहाराचं कारण एवढंच.

तरीही माझं मत स्पष्ट आहे. ज्याला रोज कशेळीच्या पुलावरून ठाण्याला वेळेत पोहोचायचं आहे आणि घरात दुसरी गाडी नाही, त्याने आपली भरवशाची गाडी देऊ नये. ही गाडी तेल गाळते, दर काही दिवसांनी चेन, पॉइंट, नटबोल्ट बघायला लावते, आणि कंटेनरच्या गर्दीत डाव्या पायाला ब्रेक आहे हे पायाला नव्याने शिकवावं लागतं. सवडीच्या दिवशी वज्रेश्वरी-गणेशपुरीचा रस्ता धरला की ती काय आहे ते कळतं.

ज्यांना तरीही घ्यायची आहे त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली कागदाची. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारे बदल करायला मनाई करतं. 15 वर्षांपुढच्या गाडीला नोंदणीचं नूतनीकरण लागतंच आणि तिथे गाडी तपासली जाते. म्हणून पैसे देण्याआधी हँडलखालच्या मानेवरच्या चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा, इंजिन नंबरही तसाच उतरवा, दोन्ही आरसीशी ताडून बघा, आणि फॉर्म 29 आणि 30 वर सही झाल्याशिवाय आपल्या गाडीची चावी देऊ नका. दुसरी गोष्ट विकणाऱ्याला विचारायची: कापण्याआधी काढलेली मूळ मडगार्डं, सीट, सायलेन्सर कुठे आहेत? असतील तर तीही मागून घ्या, तेल लावून माळ्यावर ठेवा. तुमच्यानंतर ही गाडी घेणाऱ्याला ती मूळ रूपात न्यावीशी वाटली तर त्याला ते लागतील.