एकेरी मार्गाची शिस्त

हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे या नावाने निजामाच्या राज्यात मनमाड ते सिकंदराबाद असा जो मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास वाहतुकीस खुला झाला, त्यावर बदनापूर, जालना आणि परतूर ही आजच्या जालना जिल्ह्यातील स्थानके येतात. मार्ग एकेरी होता. त्यामुळे मनमाडकडे जाणाऱ्या व सिकंदराबादकडे जाणाऱ्या गाड्यांची गाठ, म्हणजे रेल्वेच्या बोलीतील क्रॉसिंग, स्थानकातच घडवून आणावी लागे आणि एका गाडीने बाजूच्या लूप मार्गावर थांबून दुसरीला वाट द्यावी लागे.

दोन स्थानकांमधील रुळाच्या तुकड्याला ब्लॉक सेक्शन म्हणतात, आणि एका वेळी त्यात एकच गाडी असावी हा एकेरी मार्गाचा मूळ नियम होय. केवळ तारेच्या संदेशावर तो पाळता येत नाही हे १८७४ साली इंग्लंडमध्ये थॉर्प येथे झालेल्या समोरासमोरच्या टकरीने दाखवून दिले आणि त्यानंतर १८७८ मध्ये एडवर्ड टायर याने विद्युत टॅब्लेट यंत्र सिद्ध केले. त्याच परंपरेतील नील्स बॉल टोकन यंत्र भारतातील एकेरी मार्गांवर रूढ झाले. शेजारच्या दोन स्थानकांवरील यंत्रे तारेने अशी जखडलेली असत की एक धातूचा गोळा बाहेर निघाला की तो कोणत्याही एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा गोळा निघतच नसे. तो गोळा पिशवीत घालून, पिशवी मोठ्या कड्याला बांधून चालकाकडे दिली जाई. सुरक्षितता माणसाच्या स्मरणावर न सोडता एका वस्तूच्या ताब्यावर सोपवली, यातच या व्यवस्थेचे खरे मोठेपण आहे.

१९६० च्या दशकात डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांना संगणकात हाच प्रश्न भेटला आणि सामायिक साधन एका वेळी एकाच कार्याच्या हाती राहावे यासाठी योजलेल्या चलाला त्यांनी रेल्वेच्या हाताच्या सिग्नलवरून सेमाफोर हे नाव दिले. मायक्रोकंट्रोलर या लहान चिपवर प्रोसेसर बहुधा एकच असतो, म्हणजे रूळ एकेरीच. ठरलेल्या मुदतीत प्रत्येक काम पार पाडण्याची हमी देणारी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम त्यावर अनेक टास्क, म्हणजे स्वतंत्र कार्ये, आळीपाळीने चालवते. अगदी तळाशी ही अदलाबदल कशी होते ते एआरएमच्या २००४ मधील कॉर्टेक्स-एम३ या रचनेत स्पष्ट दिसते. चालू काम थांबवणारा इंटरप्ट हा संकेत येताच प्रोसेसर आठ रजिस्टरे, म्हणजे हाताशी असलेल्या मूल्यांची घरे, त्या टास्कच्या स्टॅक या राखीव स्मृतीत आपोआप उतरवतो. उरलेली आठ प्रणालीचा छोटा कार्यक्रम स्वतः उतरवतो, स्टॅकचे टोक कुठे आहे ते त्या टास्कच्या नोंदीत लिहून ठेवतो, दुसऱ्या टास्कचे टोक उचलतो आणि तोच क्रम उलटा चालवतो. लूपवर थांबलेली गाडी डब्यांसकट जशीच्या तशी असते, तशीच ही टास्क असते. तिची पाळी येते तेव्हा मध्ये खंड पडल्याची खूणही तिला सापडत नाही.

मात्र गोळा ज्याच्याकडे, त्याला मध्येच थांबवले तर काय होते, याचा धडा १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाने दिला. हवामानाची मोजणी करणाऱ्या कनिष्ठ टास्ककडे सामायिक साधनाचा ताबा होता, मध्यम प्राधान्याच्या टास्कने तिला मागे ढकलले, उच्च प्राधान्याची टास्क त्या ताब्याची वाट पाहत अडकली आणि संगणक पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. पृथ्वीवरून पाठवलेल्या दुरुस्तीने प्राधान्य-वारसा ही सोय चालू करण्यात आली, म्हणजे ताबा असलेल्या कनिष्ठ टास्कला वाट पाहणाऱ्या टास्कचे प्राधान्य तेवढ्यापुरते मिळू लागले; सेक्शनमध्ये शिरलेली मालगाडी आधी पुढे काढावी लागते, तेव्हाच मागच्या मेलसाठी यंत्रातून गोळा निघतो.