थ्री पिनची कुळकथा

संगमनेरच्या किंवा श्रीरामपूरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात पाच अँपिअरचं सॉकेट मागा. दुकानदार न विचारता काढून देतो आणि त्यावर छापलेलं असतं 6 अँपिअर. पंधराचं मागितलं, तर हातात 16 चं पडतं. यात फसवणूक नाही. मानकातला आकडा बदलला, भोकं होती तशीच राहिली आणि वायरमनच्या तोंडी जुनं माप टिकलं.

ते माप इंग्लंडचं. तिथे 1934 साली बीएस 546 हे मानक निघालं, त्यात गोल पिनांचे दोन, पाच, पंधरा आणि तीस अँपिअरचे प्लग होते. आपल्याकडे त्यातले पाच आणि पंधराचे रुजले आणि पुढे आयएस 1293 या भारतीय मानकात आले. दोनच का, याचं एक उत्तर जुन्या वीजबिलात सापडतं. तेव्हा दिवे-पंख्यांच्या विजेचा दर वेगळा असे, शेगडी-गिझरसारख्या तापणाऱ्या वस्तूंचा वेगळा, आणि त्यासाठी घरात मीटरही दोन लागत. दोन्हीकडच्या तारा एकमेकींत मिसळून चालणारच नव्हत्या. पुढे दुसरं मीटर गेलं, पण ‘पॉवर पॉइंट’ची वेगळी, जाड तार अजून जाते, आणि ते योग्यच आहे. दिवे, पंखे आणि छोटी सॉकेटं मिळून एका सर्किटवर दहा पॉइंट आणि 800 वॉटच्या वर जाऊ नये, पॉवरचे मात्र एका सर्किटवर दोनच पॉइंट घ्यावेत, असा आपला जुना नियम आहे.

सॉकेटच्याही आधीचा पूर्वज म्हणजे दिव्याचा होल्डर. घरात वीज आली ती एका बल्बसाठी. रेडिओ आला तेव्हा भिंतीत सॉकेट नव्हतंच. मग बल्ब काढून होल्डरमध्येच अडॅप्टर अडकवायचा आणि त्यातून तार ओढायची. ही युक्ती इंग्लंडातही होती, आपल्या खेड्यांत ती बरीच जास्त जगली. जुन्या वाड्यांत तर मातीच्या जाड भिंती. त्या खोदून तार आत घालणार कशी? भिंतीत लाकडी गट्टू ठोकायचे, त्यावर सागवानी पट्टी, पट्टीवर क्लिपांनी आवळलेली तार, आणि शेवटी लाकडी बोर्डावर काळे बेकलाइटचे स्विच. मीटरपाशी चिनी मातीचा किटकॅट फ्यूज. त्याची तार उडाली की घरातलं कुणीतरी हाताला येईल ती जाड तार बांधून मोकळं व्हायचं, म्हणजे फ्यूज असून नसल्यासारखा.

वायरिंगचा आतला माग साधा आहे. मेन स्विचपासून फेज आधी बोर्डावरच्या स्विचला जाते, तिथून सॉकेटच्या उजव्या भोकाला. न्यूट्रल थेट डाव्या भोकाला. पुढच्या बोर्डासाठी फेज स्विचच्या आधीच्या टोकावरून आणि न्यूट्रल सॉकेटवरून लूप करून नेतात. स्विच चुकून न्यूट्रलवर बसवला तरी दिवा नीट बंद होतो. पण बंद दिसणाऱ्या होल्डरमध्ये फेज जिवंतच असते. टेस्टर लावल्याशिवाय ते कळत नाही.

इंग्लंडने मात्र घरांतून हा गोल पिनांचा प्लग जवळजवळ टाकून दिला. महायुद्धानंतर तांब्याची टंचाई होती, म्हणून तिथल्या घरांत तीस अँपिअरची एकच तार सगळ्या सॉकेटांवरून फिरवून पुन्हा फ्यूजपाशी आणण्याची पद्धत आली. एवढा मोठा फ्यूज टेबललॅम्पच्या बारीक वायरला वाचवू शकत नाही, तेव्हा प्लगच्याच पोटात छोटा फ्यूज घातला. हा चौकोनी पिनांचा प्लग 1947 चा. आपण वर्तुळाच्या वाटेला गेलो नाही, म्हणून आपल्या थ्री पिनमध्ये फ्यूज नाही.

नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात या कथेला सहकाराची फांदी फुटली. 1969 साली ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झालं. त्याच्या योजनेतून उभ्या राहिलेल्या देशातल्या पहिल्या पाच वीज सहकारी संस्थांपैकी एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. तिचं काम 2011 मध्ये महावितरणकडे गेलं. ऊसपट्ट्यात विजेची पहिली ओढ विहिरीवरच्या मोटरीची. घरातला बोर्ड तिच्या मागून आला, असं मला वाटतं.

उरली ती थ्री पिनमधली वरची, जाड आणि लांब अर्थची पिन. लांब अशासाठी की ती सर्वांत आधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी; जाड अशासाठी की ती फेजच्या भोकात शिरूच नये. पण तिच्यामागची हिरवी तार कुठे जाते, हे विचारायला हवं. अनेक घरांत ती बोर्डातच संपते. जिथे खरं अर्थिंग आहे तिथे जमिनीत अडीच मीटरचा लोखंडी पाइप आणि भोवती मीठ-कोळसा असतो. हे सगळं ओलाव्यावर चालतं. आपल्या जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेतला, कोरड्या मुरमाचा. उन्हाळ्यात पाइपाभोवतालची माती सुकली की गळतीचा करंट जमिनीत जायला अडतो. त्या खड्ड्यात पाणी ओतायला हवं, आणि नेमक्या त्याच महिन्यांत पाथर्डी-जामखेडकडच्या कित्येक वस्त्या टँकरवर असतात. म्हणून घर बांधतानाच अर्थिंगचा खड्डा मोरीच्या सांडपाण्याजवळ घ्यावा.